बाबांचं ठोक्याचं गाणं

मला एकच हवं होतं: बाबांनी माझं गाणं ऐकून एकदा तरी "बरा गातंस गो" म्हणावं. शाळेत बक्षिसं मिळाली, शेजारणींनी कौतुक केलं, पण मी गायला लागले तरी बाबा आपले पेपर वाचत बसायचे. मीही काही कमी खडूस नव्हते. नाही ऐकायचं तर राहिलं, म्हणून हट्टाने त्यांच्याकडे पाठ करून गायचे.

आम्ही घाटकोपरला, डोंगराला लागून असलेल्या चाळीत राहायचो. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. साचे म्हणजे कापड विणायचे माग. एकेका खात्यात शेकड्यांनी, आणि पाळीभर नुसता खडखडाट. संपानंतर गिरणी उघडलीच नाही. बाबा घरी बसले. मधून मधून मरोळच्या कारखान्यांत काम विचारून यायचे आणि पाय धुऊन पेपर उघडायचे.

त्याच सुमारास मामाने मस्कतहून टेपरेकॉर्डर आणला. मैत्रिणीकडून मी इंग्रजी पॉप गाण्यांची कॅसेट भरून आणली आणि कॉलेजातून आले की तीच लावायची. आई वैतागायची. "काय धिंगाणा हा! कुणाच्या अंगात आलंय की काय?" बाबा शिव्या घालणार अशी माझी खात्री होती. तर एक दिवस ते शेजारी येऊन बसले, टेपच्या जाळीवर तळवा टेकवला आणि मान डोलवायला लागले. गाणं संपल्यावर म्हणाले, "झकास! परत लाव गो, ता ठोक्याचा."

अगं बाई, मला कोण आनंद! मैत्रिणींना मिरवून सांगितलं, आमचे बाबा पॉपचे फॅन आहेत. कुणाचा बाप होता असा? रोज संध्याकाळी ते चहाचा कप घेऊन टेपपाशी बसायचे. कशानंतर कुठलं गाणं येतं ते त्यांना पाठ झालं. आईने भजनं लावली की म्हणायचे, "ह्या नको. पोरीचा लाव." मी गाण्यांचे अर्थ सांगायचे तेव्हा माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. इतकं लक्ष त्यांनी माझ्याकडे कधी दिलं नव्हतं.

मग वाटलं, आता आपली वेळ आली. कॉलेजच्या गॅदरिंगला मी एक इंग्रजी गाणं म्हटलं. ड्रम नाही, काही नाही, नुसता गळा. मैत्रिणीने ते टेप केलं होतं. घरी आणून लावलं. गाणारी कोण ते मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, ओळखू देत. बाबांनी तळवा टेकवला. थोडा वेळ थांबले. मग टेप हलवून बघितला.

"बंद पडलो काय गो? सेल संपले वाटता."

माझा आवाज खोलीभर चालू होता. माझं टाळकंच फिरलं. पाठ फिरवून मी म्हणाले, "गाढवाला गुळाची चव काय!"

आई विळीवरून उठली आणि माझ्या मुस्काटात दिली. दंडाला धरून गॅलरीत नेलं. "जीभ हासडीन तुझी! कान गेलेत त्यांचे. साच्यांनी खाल्ले. माणसाचे ओठ बघून बोलतात ते, आणि घरात राहून तुला कळलं नाही? बाहेर बोलू नकोस हां कुठे. कोण ठेवील कामाला?"

नव्हतं कळलं. गिरणीवाले सगळे मोठ्यानेच बोलतात, आई त्यांना खांदा हलवून हाक मारते ती तिची सवय, असंच मी समजत आले होते. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत जाऊन त्यांच्या समोर बसले आणि सावकाश विचारलं, "बाबा, मग ही गाणी आवडतात म्हणता ती?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. आईकडे बघितलं. काय झालं ते त्यांना कळलं असणार, कारण जरा ओशाळून हसले.

"घरातला दुसरा कायच माझ्यापर्यंत पोचणा नाय गो. तुझी गाणी तेवढी पोचतत. हातातसून." मग टेपकडे बोट दाखवून म्हणाले, "आता काय लावलेलंस?"

माझं गाणं अजून चालूच होतं.

"काही नाही, बाबा," मी म्हटलं. "सेल संपलेत."

त्यांनी लगेच सदरा चढवला आणि वाण्याकडे नवे सेल आणायला निघाले. मी तिथेच बसून ढसाढसा रडले.