कशाशी ताडून?

"माझं घड्याळ बरोबर आहे," असं चौगुले मॅडमसमोर म्हणायची सोय नव्हती. लगेच प्रश्न यायचा, "कशाशी ताडून बघितलंस?" कॅन्टीनवाल्यानं आज चहा फक्कड झालाय म्हटलं, तरी हेच. मला तर पहिल्या आठवड्यातच वीट आला होता.

बाई हातकणंगल्याहून रेल्वेनं यायच्या. घर जैन, शेतीवाडीचं. दिवस मावळायच्या आत डबा संपलाच पाहिजे. कोल्हापुरातल्या आमच्या टेलिफोन कंपनीत त्या घड्याळं तपासायच्या. भिंतीवरची नव्हेत, मोबाइलचे टॉवर ज्यांच्या ठेक्यावर चालतात ती, यंत्राच्या पोटातली. ती एकमेकांपासून जराशी सरकली, की गाडीत बोलता बोलता फोन तुटतो. उपग्रहावरून येणाऱ्या वेळेशी ती दिवसभर ताडायची, फरकाची रेघ कागदावर काढायची आणि मगच सही करायची.

मी नवी होते, नोकरी अजून कायम व्हायची होती. एका चाचणीत माझी रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ आली. मी काय हरखले म्हणून सांगू! मॅडमना भाच्याच्या साखरपुड्याला जायची घाई होती. त्या दिवशी तेवढा त्यांनी तो प्रश्न विचारला नाही, माझ्या भरवशावर सही केली. वरच्या साहेबांनी आम्हाला शाबासकीही दिली.

दोन दिवसांनी त्या तोच कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. "खऱ्या घड्याळाची रेघ एवढी सरळ नसती गं. वायर कुठली लावलीस?"

मी जाऊन बघितलं. उपग्रहाच्या वायरऐवजी मी त्याच घड्याळाची वायर परत जोडली होती. घड्याळ स्वतःशीच ताडलं, मग फरक येणार कुठून? नोकरी गेली असं वाटून मी तिथंच रडायला लागले.

मॅडमनी साहेबांना फोन लावला. "अहवाल चुकीचा हाय. सही माझी हाय, चूकबी माझीच." माझं नाव त्यांनी काढलंच नाही. चाचणी पुन्हा झाली, तेव्हा ते घड्याळ खरंच सरकलेलं निघालं. पुढं मी कायम झाले. मॅडमची बढती मात्र हुकली ती हुकलीच. त्यांच्या हाताखालची माणसं साहेब झाली, त्यात मीही.

त्या निवृत्त झाल्या, त्या दिवशी मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. इतकी वर्षं मनात ठेवलेलं बोलून टाकलं, की मॅडम, माझ्यामुळं तुम्ही मागं राहिलात.

त्यांनी पिशवी बाकावर ठेवली.

"मागं? कशाशी ताडून म्हणतीस?"

गाडी आली. त्या खिडकीपाशी बसल्या आणि डबा उघडला. दिवस मावळायला अजून अवकाश होता.