पिकअपचा गोतावळा

माझ्या बायकोच्या मामांना जेवढे पाहुणे आहेत तेवढे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून दुसऱ्या कुणाला नसतील, आणि यातले निम्म्याहून अधिक त्यांना ना जन्माने मिळाले ना लग्नाने. ते भंगारातून आले. म्हसवडला म्हणू नका, कोरेगावला म्हणू नका, तासगावकडच्या एखाद्या द्राक्षाच्या बागेत म्हणू नका, मामांना पाहून कुणीतरी हात वर करतो, घरात चहाचं आधण ठेवायला सांगतो आणि मग विचारतो, "आमचा गिअरबॉक्स बरा हाय न्हवं?" माझे सख्खे चुलते मला रस्त्यात भेटले तर इतक्या मायेने माझ्या पोरांचीही चौकशी करत नाहीत.

मामांचं गाव शिराळ्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. नोकरी सैन्यात, गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत झाली. घरी परतल्यावर त्यांनी एक पिकअप घेतली आणि तिच्यातून खत, भाजीपाला, वऱ्हाडं, अडलेल्या बाळंतिणी असं सगळं वाहिलं. गाडी थकत थकत एक दिवस अंगणात जी उभी राहिली ती हललीच नाही. असल्या गाड्या बनायच्या बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. चार शहाण्या माणसांनी ती मोडीत घाला असं सांगितलं. त्या चारांत मीही होतो, कारण नुकतीच मी नवी कोरी मोटार घेतली होती आणि त्या दिवसांत मी कुणालाही शहाणपण शिकवत होतो. मामांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं, म्हशीला गोठ्यातून काढून लिंबाखाली बांधलं आणि पिकअप गोठ्यात घेऊन तिचा बोल्टन्‌बोल्ट सुटा केला. पुढची कित्येक वर्षं ती म्हैस मामांकडे पाठ करून उभी राहायची.

गाडीत मूळची राहिली ती फक्त चेसी, म्हणजे खालचा सांगाडा. बाकी सगळं वेगवेगळ्या साली बनलेल्या गाड्यांचं. एक दिवा गोल, एक चौकोनी. उजव्या दाराची काच खाली करायची तर मूठ पुढे फिरवायची, डाव्या दाराची मागे. गिअरबॉक्स जुना आणि वेगाचा काटा नव्या सालचा, त्यामुळे दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गाडी घाटात असो की हमरस्त्यावर, काटा शून्यावर स्वस्थ बसलेला. जिथे भोकाला भोक जुळत नसे तिथे मामा इस्लामपूरच्या लेथवरून पट्टी बनवून आणायचे. मी एकदा म्हणालो, "मामा, इतक्या सालांचं एकत्र कसं नांदणार?" त्यांनी पाना खाली ठेवला आणि स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले, "जावईबापू, तुमची मामी आन् मी तरी कुठं एका सालाचं हाय? बसवून घ्याय लागतंय." आतून मामींनी भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

पण मामांचा खरा विक्षिप्तपणा पुढेच आहे. भंगारवाल्याकडे एखादा भाग पसंत पडला की लोक तो पिशवीत घालून घरी जातात. मामा विचारायचे, "ही गाडी कुनाची? कशी मोडली?" आणि मग त्या मालकाचं गाव शोधत जायचे. ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे, गाडी कशी होती, काय वाहायची, का विकली, सगळं विचारायचे. पोरीला स्थळ बघायला गेलेला बापसुद्धा इतकी चौकशी करत नाही. गाडी म्हातारी होऊन गेली असेल, मालकाने हौसेने नवी घेतली असेल, तर भाग घ्यायचा. पण तिच्यात कुणी दगावलं असेल तर चकाकता भागही जागच्या जागी ठेवून यायचा. तो भाग घरी आला की त्याला गावाचं नाव लागायचं. रेडिएटर कोरेगावकर, डावं दार तासगावची. "कोरेगावकर आज तापलाय," "तासगावची नीट लागंना" असं मामा म्हणू लागले की नवख्या माणसाला घरात भांडण पेटलंय असं वाटे. कुठल्याही भागाचा मूळचा रंग ते बदलू देत नसत, का तर मूळ मालकाला ओळख पटली पाहिजे. मागचा फाळका म्हसवडकडच्या एका दूधवाल्याच्या गाडीचा. त्यावर मोठ्या अक्षरांत 'प्रणव-प्रणाली' लिहिलेलं. मामींना मूलबाळ नाही. गावात येणारा नवा माणूस हमखास विचारायचा, "प्रणव काय करतो सध्या?" मामी सुरुवातीला गप्प व्हायच्या. मग मामांनी म्हसवडला जाऊन चौकशी केली आणि मामी सांगू लागल्या, "प्रणव पुण्याला असतोय, प्रणालीचं लगीन ठरलंय." प्रणालीच्या लग्नात मामांनी मामा म्हणून अंतरपाटाजवळ उभं राहून अक्षता टाकल्या.

या नियमामागचं कारण मी एकदाच विचारलं. मामा बराच वेळ चिंधीने हात पुसत राहिले. मग म्हणाले, "पलटनीत असताना तिकडं डोंगरात दरीतनं एक ट्रक वर काढला हुता. त्येचा एक पार्ट मी दुसऱ्या ट्रकला बशिवला. हुकूम हुता." मी विचारलं, त्या दुसऱ्या ट्रकला काही झालं का? "गाडीला काय न्हाई झालं," मामा म्हणाले. "मला झालं." त्यानंतर तो विषय मी कधी काढला नाही.

आता एवढा खटाटोप कशासाठी, तर मामींसाठी. मामींना गाडी लागते. एसटीत लागते, जीपमध्ये लागते, माझ्या नव्या मोटारीत तर बसल्याबसल्या लागते. मी मोठ्या उमेदीने त्यांना दोनदा सांगलीला न्यायला निघालो आणि दोन्ही वेळा पेठ नाक्यावरून परत फिरलो. मोटारीच्या आतल्या मऊ गालिच्याबद्दल मी इथे काही बोलत नाही. साऱ्या जगात मामींना सोसते ती एकच जागा, पिकअपची पुढची डावी बाजू, काच खाली, कोपर बाहेर. आणि सांगलीला विश्रामबागेत मामींची थोरली बहीण, आक्का, मुलाकडे राहायची. आक्काचा खुबा मोडलेला, त्यामुळे तिला प्रवास बंद. पिकअप बंद, म्हणून हिला प्रवास बंद. दोघी बहिणी रोज सकाळी फोनवर बोलायच्या, म्हणजे भांडायच्या. पिकअप आता होईल, मग होईल, असं म्हणता म्हणता वर्षं गेली. एका सकाळी आक्का फोनवर म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई. आता माज्या मातीलाच ये." मामींनी फोन ठेवला. त्या दिवशी त्या मामांशीही बोलल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांचं रागावणं आम्हाला सवयीचं होतं, हे नव्हतं.

गाडीत तेव्हा एकाच गोष्टीची खोट राहिली होती. स्टिअरिंग. मामांच्या चेसीला बसणारं स्टिअरिंग थोडीच वर्षं निघालं, आधीचं लागत नाही, नंतरचं लागत नाही, आणि त्या सालच्या गाड्या केव्हाच वितळून गेलेल्या. आक्काला मग दवाखान्यात ठेवल्याची बातमी आली, ती घरी परतली, पण फोनवरचा तिचा आवाज खाली खाली जाऊ लागला. त्याच आठवड्यात कऱ्हाडच्या भंगारवाल्याचा निरोप आला आणि मी मामांना घेऊन गेलो. गाडी तीच, साल तेच, स्टिअरिंग चाकासकट शाबूत. मामांनी चाक हलक्या हाताने फिरवून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. पण भंगारवाला त्यांना ओळखत होता. तो म्हणाला, "दादा, खोटं बोलत न्हाई. हिच्यात पोरगं गेलंय. आष्ट्याकडचं." मामांनी चाकावरचा हात काढून घेतला.

आम्ही मोकळ्या हातांनी परतलो. पुढचे काही दिवस मामा गोठ्यात जाऊन नुसते बसत. त्यांनी घरात काही सांगितलं नव्हतं. मामींना मीच सांगितलं, कारण मला राहवेना. मला वाटलं, त्या म्हणतील, बसवून टाका एकदाचं, माझी बहीण चाललीय. त्यांचा तेवढा हक्क होता. मामींनी पदराने घाम टिपला आणि गोठ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "आवं, सगळ्यांच्या घरी जाऊन च्या पिऊन आलासा. त्या पोराच्या घरी का गेला न्हाईसा?"

मामा म्हणाले, "काय तोंड घिऊन जाऊ?"

"हाय ह्येच तोंड घिऊन जावा. न्हाई म्हनलं तर माघारी या. मी आक्काला सांगंन."

आम्ही गेलो. आष्ट्याच्या अलीकडे कॅनॉलच्या कडेला मळा होता. पोराचे वडील, मामांच्याच वयाचे, वैरण तोडत होते. त्यांनी आम्हाला घोंगडं टाकून बसवलं. सैन्यात इतकी वर्षं काढलेला, भंगारवाल्यांना धाकात ठेवणारा हा माणूस बशीतला चहा निवला तरी मुद्द्यावर येईना. उसाची तोड झाली का, कॅनॉलला पाळीचं पाणी कधी सुटतंय, असलंच काहीतरी विचारत राहिला. शेवटी त्या वडिलांनीच विचारलं, "पाव्हनं, काम काय काढलंसा?" मग मामांनी सगळं सांगितलं. मामींचं गाडी लागणं, आक्का, स्टिअरिंग, स्वतःचा नियम, तो दरीतला ट्रकसुद्धा. सांगून झाल्यावर हात जोडले. "तुमी न्हाई म्हनला तर मनात काय बी ठेवनार न्हाई."

वडील कॅनॉलकडे बघत होते. "म्होरं उसाची ट्रॉली, दिवा न्हाई काय न्हाई. चुकवाय गेला, गाडी पान्यात. गाडीचा काय दोस न्हाई, पाव्हनं." त्यांनी बशी उचलून बाजूला ठेवली. "लय जपायचा. सकाळी देवाच्या आधी गाडीला पानी. मी रागानं दिऊन टाकली मोडीत, मागनं लय वाईट वाटलं. तुमी न्या. वितळवून खिळं करत्याल, त्यापरीस फिरंल तरी." आम्ही उठलो तेव्हा मागून म्हणाले, "बसवल्यावर एकदा दावा तेवढी. संदीप नाव त्येचं."

स्टिअरिंग बसलं. आणि एका सकाळी पिकअप अंगणातून बाहेर पडली. मामींनी ठेवणीतलं इरकल नेसलं होतं, कोपर बाहेर, मांडीवर लाडवांचा डबा. मी माझ्या मोटारीतून मागे, म्हणजे गाडी बंद पडली तर ओढायला. कोरेगावकर तापला नाही, तासगावची खडखडली नाही, म्हसवडचे प्रणव-प्रणाली माझ्या डोळ्यांपुढे डुलत राहिले, आणि पेठ नाका मागे पडला तेव्हा मामींचा हात बाहेरून मला 'ये, ये' करत होता. मला रडू आलं, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

विश्रामबागेत आक्काला दोघांनी धरून जिन्यावरून खाली आणलं. ती पिकअपकडे बघून म्हणाली, "ह्ये काय गं, बहुरूपी घिऊन आलीस?" आणि वर घरात चला म्हणण्याऐवजी मला गाडीत बसवा म्हणू लागली. मामांनी तिला उचलून आत बसवलं. मग दोघी बहिणी गाडीच्या त्या खोपटात दारं लावून बसल्या. वर चहा गार झाला, पोहे गार झाले, सोसायटीतली माणसं येऊन बघून गेली. काय बोलत होत्या कुणास ठाऊक. मधूनच दोघींचा एकदम हसण्याचा आवाज यायचा. मामा फाळक्याला टेकून रस्त्याकडे बघत उभे होते.

परतीच्या वाटेवर मामांनी गाडी मळ्यात घातली. वडील धावत आले, गाडीजवळ आल्यावर मात्र थबकले. मामा आपल्या जागेवर कधीच कुणाला बसू देत नसत. मला तर नाहीच, जावयाचे हात मळतात या सबबीवर. ते उतरले आणि दार उघडं धरून बाजूला झाले. वडील चढून बसले. दोन्ही हात चाकावर ठेवले, जरा इकडेतिकडे सरकवले. मग एका ठिकाणी त्यांचा अंगठा थांबला. तिथलं प्लास्टिक झिजून गुळगुळीत झालं होतं. "हितं हात ठेवायचा," ते म्हणाले. शेजारी बसलेल्या मामींनी उरलेल्या लाडवांचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. मामा बाहेर ताठ उभे होते, सैन्यात उभे राहत असतील तसे. मी तोंड फिरवून उसाकडे पाहत राहिलो.

त्या थंडीत आक्का गेली. मामी वेळेवर पोचल्या, पिकअपमधूनच. आता मामींना सांगलीला जायला काही कारण उरलेलं नाही. तरी पंधरा-वीस दिवस झाले की मामा गाडी धुतात, मामी डबा भरतात आणि दोघं आष्ट्याच्या बाजूला जाऊन येतात. गेल्या रविवारी मी तिथे होतो. मामांनी बॉनेट उघडून पाणी पाहिलं, तासगावचीला दोनदा आपटून लावलं आणि आपल्या जागी बसले. गाडीतल्या सगळ्या भागांना गावांची नावं आहेत, एकालाच माणसाचं. किल्ली फिरवण्याआधी त्यांनी चाकावर हात ठेवला, त्या झिजलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाले,

"चल रं संदीप. तुजा बा वाट बघत असंल."