काकूंनी दाबलेलं लाल बटण

आमची लाँड्री म्हणजे घरगुती कपड्यांची नव्हे, हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरींची. ओली चादर गरम रुळात सरकवायची, पलीकडून ती कडक होऊन बाहेर पडते. एक टोक माझ्या हातात, दुसरं काकूंच्या. दोघींनी एकदम सोडली नाही तर चादर तिरकी जाते, आणि मग काकूंच्या तोंडाचा पट्टा सुरू. "लक्ष कुठंय गं तुझं? माहेरी ठेवून आलीस?" तोंड तिखट, पण डब्यातला अर्धा घास नेहमी माझा.

मग ऑफिसने दाराशी ती मेली पेटी बसवली. तिच्यावर तीन चेहरे. हिरवा हसरा, लाल रडका, आणि पिवळा, त्याला काय झालंय ते त्यालाच ठाऊक. दर शुक्रवारी पाळी सुटताना प्रत्येकीने एक बटण दाबायचं. त्यावरून म्हणे ऑफिसला कळतं, माणसं कामात रमलीत की नाही. अहो, मग खाली येऊन विचारा ना! एक जिना तर उतरायचा.

लाल जास्त झाले की मात्र लगेच ऑफिसातल्या खुशालीबाई खाली येत. "सगळं खुशाल ना?" असं सारखं विचारायच्या, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. बाई मनाने वाईट नव्हत्या. पण खुर्च्या गोल मांडून मनमोकळं बोलायला बसवायच्या, आणि तेवढ्यात कंपनीची बस निघून जायची. एकदा अशी तंगडतोड करत घरी गेलो. तेव्हापासून काकूच पेटीपाशी उभ्या राहू लागल्या. "व्हा गं पुढं, मी दाबते सगळ्यांचं." टकाटक हिरवं, हिरवं, हिरवं.

बस चुकवणं काकूंना परवडणारंच नव्हतं. घरी काका अंथरुणाला खिळलेले. शेजारी राहणारी जाऊ त्यांच्याकडे बघायची, पण दिवस मावळायला लागला की काका कावरेबावरे व्हायचे. "ती आली का?" एवढंच विचारत राहायचे. आमची पाळी दुपारी सुरू होऊन अंधार पडल्यावर सुटायची. डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत असं सांगितलं, तेव्हा काकूंनी एकच धरून ठेवलं. सकाळची पाळी मिळाली पाहिजे. संध्याकाळी यांच्या उशाशी बसायला मिळालं की झालं.

मी त्यांच्याबरोबर वर गेले. खुशालीबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. "काकू, सकाळच्या पाळीत जागा थोड्या. जिथे नाराजी दिसते त्या विभागाला आधी द्याव्या लागतात. तुमचा इस्त्री विभाग तर सगळ्यात आनंदी आहे."

काकू स्क्रीनवरच्या हिरव्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. स्वतःच्याच बोटाने रंगवलेला तो.

शुक्रवारी त्या पेटीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज बस जाईल गं. चालेल?" कुणी नाही म्हटलं नाही. मग त्यांनी सगळ्यांचं लाल दाबलं. खुशालीबाई धावतच खाली आल्या. खुर्च्या गोल झाल्या, बाहेर बसने हॉर्न दिला आणि ती गेली.

काकू त्या दिवशी बोलल्या. दिवस मावळताना आपल्या माणसाला भीती वाटते आणि आपण परक्यांच्या चादरी सरळ करत उभ्या असतो, असं म्हणाल्या. आम्ही सगळ्या मुळूमुळू रडत होतो. खुशालीबाईंचेही डोळे भरले. "सोमवारपासून सकाळी या. अहो, हे इतकं आहे, असं आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं, बाई," काकू म्हणाल्या. "तेव्हा आम्ही आनंदात होतो."

काकूंनी लॉकरमधून फोन काढला तर त्यावर जावेचे कॉलच कॉल. आमच्या टेम्पोवाल्याने धुतलेल्या गाठोड्यांमध्ये जागा करून आम्हा दोघींना बसवलं. वाटेत काकू माझा हात घट्ट धरून एकच सांगत होत्या, "सोमवारपासून सकाळची हं. सांगते त्यांना."

दारात माणसं जमलेली. जाऊ काकूंच्या गळ्यात पडली. "आत्ताच गेले हो. सारखं विचारत होते. शेवटी मीच त्यांचा हात धरला आणि म्हटलं, आलेय मी."

"बरं केलंस," काकू म्हणाल्या, आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या. मला त्या पेटीचा असा संताप आला, सांगता सोय नाही. पण पेटीवर संतापून होणार काय?

काही दिवसांनी काकू कामावर आल्या. दुपारच्याच पाळीला. मी म्हटलं, "अहो काकू, तुमची तर सकाळची झालीय ना?"

त्यांनी चादरीचं टोक उचललं, ताणून धरलं.

"नको म्हणून सांगून आले वर," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी घरी बसून करू काय गं मी आता?"