जाळी फाटली त्या आठवड्यातली सुबैती

माझा नवरा शाकाहारी घरात वाढला. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. पुढे कुवेतला बँकेत आयटीची नोकरी लागली, अबू हलीफाला किनाऱ्याजवळ फ्लॅट मिळाला, आणि दोन वर्षांत तो समुद्राचा कैवारी झाला. दर शुक्रवारी सकाळी गळ घेऊन खडकांवर बसायचा. मासा लागला तर एखादाच, तोही परत सोडावा इतका लहान. मतं मात्र चांगली मोठी होती. पिंजऱ्यात मासे पाळणं हा समुद्राचा अपमान आहे, हे त्यातलं सगळ्यात मोठं.

समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ नेमके मासेच पाळायचे. अलिबागकडचे, मत्स्यशास्त्र शिकलेले, एका कंपनीसाठी समुद्रातल्या पिंजऱ्यांत सुबैती वाढवायचे. सुबैती म्हणजे इथला चंदेरी, गुबगुबीत मासा. त्यांचं म्हणणं साधं होतं. लोकांनी पाळलेला मासा खाल्ला तरच समुद्रातला वाचेल, नाहीतर हौशी मंडळी गळ टाकून तो संपवतील. त्यावर नवरा पिंजऱ्याखाली साचणाऱ्या घाणीचा विषय काढायचा, माशांच्या रोगांचा काढायचा, आणि शेवटी ठरलेला प्रश्न: जाळी फाटली आणि हे आयतं खाणारे मासे मूळच्या माशांत मिसळले तर? ही सगळी काळजी दोघं माझ्या हॉलमध्ये, मी केलेल्या चहावर वाहायचे. बाजारातून आणलेले मासे साफ करायची वेळ आली की दोघांनाही एकदम महत्त्वाचे फोन यायचे.

गेल्या हिवाळ्यात दोन दिवस भयंकर वारं सुटलं. वारं पडल्यावरच्या शुक्रवारी सकाळी नवऱ्याचा फोन आला, मोठी पिशवी घेऊन ये. गेले तर अकरा सुबैती. हवा, भरती, आमिष आणि स्वतःचा संयम यांचा मिलाफ कसा झाला, हे तो शेजारी गळ टाकून बसलेल्या चाचांना समजावत होता. चाचा रत्नागिरीचे, इथे कापडाचं दुकान चालवतात, आणि चालता येऊ लागल्यापासून मासे धरतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एक मासा उचलून त्याची बोथट झालेली शेपटी दाखवली.

"सगळे एकाच मापाचे, आणि शेपट्या जाळीला घासलेल्या," ते म्हणाले. "हे पिंजऱ्यातले आहेत, साहेब."

तेवढ्यात समोरचे गृहस्थ किनाऱ्याने येताना दिसले. दोन रात्री झोपले नव्हते हे चेहऱ्यावरून कळत होतं. एक पिंजरा पार फाटला होता, आणि मासे कुठवर पांगलेत हे ते बघत फिरत होते. आमच्या पिशवीजवळ येऊन थांबले.

नवऱ्याचं भाकीत शब्दशः खरं ठरलं होतं, आणि पुरावे त्याच्याच पायाशी पडले होते. मी भाषणाची वाट पाहत होते. तो म्हणाला, "घेऊन जा. तुमचेच आहेत."

"कुठे नेऊ?" ते खडकावर बसत म्हणाले. "बोटाएवढे होते तेव्हापासून वाढवलेत." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "जास्तीचा गळ आहे का? जितके निघतील तितके काढू या. मूळच्यांत मिसळायला नकोत."

माझ्या नवऱ्याचंच वाक्य त्यांनी त्याला ऐकवलं, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांना गळ टाकता येत नव्हता. नवऱ्याने शिकवलं, म्हणजे जे थोडंफार येत होतं ते, उरलेलं चाचांनी. दुपारच्या नमाजाला चाचा उठेपर्यंत आणखी चौदा निघाले. पाळणारा हताश होऊन आपलेच मासे धरत होता, आणि समुद्राचा कैवारी त्याला आमिष लावून देत होता. दोघांनीही वाद काढला नाही. त्या दिवशी साफसफाईला दोघंही ओट्याशी उभे राहिले. कामाचा वेग बघता मी एकटीने लवकर संपवलं असतं.

कंपनीने आता सुबैती वाढवायला समुद्रातल्या पिंजऱ्यांऐवजी जमिनीवर टाक्या बांधल्या आहेत. टाक्यांना आपला तत्त्वतः विरोध नाही, असं नवऱ्याने जाहीर केलं आहे. त्याला कुणी विचारलेलं नव्हतं.