काळी रबरी फरशी

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीसमोरच्या मोकळ्या जागेत व्यायामाची साधनं बसली, तेव्हा खाली नुसता मुरूम होता. पहिल्याच पावसाळ्यात प्रत्येक साधनाखाली पायांनी खड्डा पडला आणि त्यात पाणी साचलं. एक आजोबा घसरले. फार लागलं नाही, पण जमिनीचं काहीतरी करायला हवं हे सगळ्यांना पटलं आणि काम माझ्याकडे आलं. मी सातपूरला एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. तीन ठिकाणचे दर मागवल्याशिवाय मी घरात पायपुसणंसुद्धा आणत नाही, हे शेजाऱ्यांना माहीत आहे.

मला हे काम लवकर व्हायला हवं होतं, कारण आईला बरीच वर्षं मधुमेह आहे. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. रोज चालायचं आणि हातपाय हलवायचे. आणि पायांना संवेदना कमी झालीय, म्हणून अनवाणी राहायचं नाही, घरातसुद्धा. दुसऱ्या गोष्टीवरून आमच्याकडे सहा महिने वाद झाले. घरात चपला घालायच्या म्हणजे आईला अंगावर काटा यायचा. शेवटी मऊ तळाच्या स्लिपर आणल्या, त्या फक्त घरातल्या, असं ठरलं. देवासमोर मात्र ती त्या काढायचीच. तेवढं मी सोडून दिलं.

फरशीचे पर्याय मी नीट तपासले. कोबा केला तर पडणाऱ्याला लागणार. पेव्हर ब्लॉक वर-खाली होतात, म्हाताऱ्यांचे पाय अडखळतात. कृत्रिम हिरवळ दिसायला छान, पण खालची धूळ निघत नाही. रबराच्या टाइल्स सगळ्यांत बऱ्या वाटल्या. सातपूरच्या एका गोदामातून नमुने आणले आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडले. बादलीभर पाणी ओतून किती वेळात जातं ते पाहिलं. ओल्या टाइलवर बूट घासून पाहिले. मऊपणा पाहायला अध्यक्ष काकांनी कमरेच्या उंचीवरून नारळ टाकला. तो फुटला नाही.

"पास," काका म्हणाले. "आता हा नारळ उद्घाटनाला ठेवा, ताई. खर्च वाचला."

रंगाचा प्रश्न उरला. लाल टाइल्स यायला महिना लागणार होता, काळ्या तयार होत्या. काळ्यावर डाग दिसत नाहीत. डिसेंबर होता, आम्ही सगळे स्वेटर घालून उभे होतो. कोणीतरी म्हणालंसुद्धा, काळ्या असल्या तर सकाळी जरा ऊब राहील. मी काळ्या सांगितल्या.

काम चांगलं झालं, हे मी आजही म्हणेन. मुरूम खणून खडी भरली, रोलर फिरवला, एका बाजूला उतार देऊन पातळ कोबा केला, तो पुरता वाळू दिला आणि मग टाइल्स चिकटवल्या. साधनांच्या खांबांभोवती टाइल इतकी नेमकी कापली होती की बोट जाईल एवढीही फट नव्हती. मी रोज कामावर जाताना आणि येताना उभी राहून बघत होते.

संक्रांत झाल्यावर उद्घाटन झालं. साधनांना हळदकुंकू लावलं, हार घातला, तोच नारळ फोडला. पूजा म्हटल्यावर सगळ्यांनी चपला कडेला काढल्या. मीही काढल्या. पायाखाली फरशी गार आणि मऊ लागली, आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून कोणी चपला घालून वर चढलंच नाही. सांगितलं कोणीच नव्हतं. पण आदल्या दिवशी पूजा झालेली, शिवाय एवढं स्वच्छ अंथरल्यासारखं दिसणारं, त्यावर चपला नेणार कोण? संध्याकाळी ऑफिसातून आले की फरशीच्या कडेला चपलांची सरळ रांग दिसायची. लोक माझ्या कामाला घरातल्यासारखं वागवतात, असं वाटून मला अभिमान वाटायचा. त्या रांगेत आईच्याही चपला असायच्या.

मी तिला एकदा हटकलं होतं. "आई, डॉक्टर काय म्हणाले?"

"मातीवर घालत होतेच की मी. आता एवढं छान केलंयस, त्यावर कशी जाऊ चपला घालून? बायका काय म्हणतील, हिच्याच मुलीनं केलं आणि हीच तुडवतेय."

"बायकांना शुगर नाहीये."

"तिथं काटा नाही, काच नाही, खडा नाही. काय टोचणार आहे मला?"

ते खरंच होतं. टोचण्यासारखं तिथं काही नव्हतं आणि मी विषय सोडला.

चैत्रात शेजारी हळदीकुंकू होतं, संध्याकाळचं. व्यायाम चुकायला नको म्हणून आई त्या दिवशी चार वाजताच खाली गेली. मी ऑफिसात होते. नंतर कळलं ते असं. तिथं कोणी नव्हतं. तिनं कडेला चपला काढल्या, खांद्यांचं मोठं चाक असतं त्यासमोर उभी राहिली आणि नेहमीसारखं आधी उजव्या हातानं, मग डाव्या हातानं फिरवलं. दिवसभर तापलेल्या काळ्या रबरावर. धडधाकट माणूस तिथं क्षणभर टिकला नसता. तिला काहीच जाणवलं नाही. घरी येऊन तिनं साडी बदलली, हळदीकुंकवाला गेली, आंब्याची डाळ आणि पन्हं घेतलं आणि माझ्यासाठी डाळ वाटीत झाकून आणली.

सकाळी देवघराजवळच्या पांढऱ्या फरशीवर ओले ठसे दिसले.

"पाणी सांडलं का गं?" मी विचारलं.

"नाही बाई. कुठं?"

तिला खुर्चीत बसवून पाय वर घेतले. दोन्ही तळव्यांना मोठे फोड आले होते, एक फुटला होता. ती वाकून पाहत होती, दुसऱ्या कोणाचे पाय बघावेत तशी.

दवाखान्यात जाताना रिक्षात तिनं माझा हात धरला. "डॉक्टरांना तिथलं सांगू नकोस. न्हाणीघरात गरम पाणी पडलं म्हण. तुझं नाव खराब होईल उगीच."

मी डॉक्टरांना खरं सांगितलं. पायावर भार द्यायचा नाही, एवढंच ते म्हणाले.

उजवी जखम लवकर भरली, डावी गणपती गेल्यावर. तोवर मांड्यांतली ताकद गेली होती. आता ती वॉकर धरून घरातल्या घरात फिरते. जिना उतरत नाही. काळा रंग तापतो हे मला माहीत होतं, आईचे पाय बधिर आहेत हेही माहीत होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत राहिल्या, एवढंच झालं. मी बूट घासून पाहिले होते, उन्हात पाय ठेवून नाही.

नंतर मी सावलीसाठी वर हिरवी जाळी लावून घेतली, दुपारी कोणी चढू नये म्हणून दोरी बांधायला लावली आणि बोर्ड रंगवून आणला: 'कृपया चपला-बूट घालूनच वर यावे.'

काकांनी बोर्ड दोनदा वाचला. "ताई, काढा म्हणणारे बोर्ड गावभर बघितले. घाला म्हणणारा पहिलाच."

दोन दिवस लोकांनी ऐकलं. मग बोर्डाच्या अगदी खाली पुन्हा चपलांची रांग लागली.

आई गॅलरीत बसून ती बघते. परवा भुईमुगाच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली, "आज गर्दी आहे खाली. एकदा नेशील मला? मी फक्त चाक फिरवीन."

मी लगेच उठले. तिच्यासाठी मापाचे बंद बूट केव्हाच आणून ठेवलेत, मधुमेहाच्या लोकांसाठी मिळतात ते. खोक्यातून काढून तिच्यासमोर ठेवले. दोन शेजाऱ्यांना हाक मारली की खुर्चीवरून खाली नेता येईल, हेही मनात ठरवून टाकलं.

तिनं बुटांकडे पाहिलं. "हे घालून? तिथं?"

"हे घालूनच."

तिनं खालच्या चपलांच्या रांगेकडे पाहिलं.

"मग राहू दे," ती म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.