राखून ठेवलेलं बी

दोनदा माझं पोट दुसऱ्या महिन्यातच रिकामं झालं, तेव्हा सासूबाईंनी त्याचं कारण शेतकरणीच्या डोक्यानं शोधलं. बी राखून ठेवलं की जोमदार उगवतं, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे मिरजगावच्या आमच्या घरातून नवऱ्याची वळकटी निघाली ती थेट शेतातल्या, कांदा साठवायच्या चाळीत. निमित्त राखणीचं. महिन्यातल्या ठरावीक दिवशी त्याला घरात झोपायला मिळायचं, रेशन सुटल्यासारखं. आईपुढे त्याची अगदी मांजर व्हायची.

मला मात्र स्वतःचीच धास्ती बसली होती. आपलंच अंग आपल्या लेकरांना थारा देत नाही, असं वाटायचं. तिसऱ्यांदाही तसंच झालं असतं, तर मी पुन्हा आशाच धरली नसती.

नगरला डॉक्टरीणबाईंकडे सासूबाई सोबत आल्या आणि वळकटीची हकीकत त्यांनीच अभिमानानं सांगितली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. बाई हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, “आजी, नुसतं बी नसतं. त्यासोबत जे पाणी येतं, त्यालाही काम असतं. आपल्या अंगात राखणदार पेशी असतात. परकं काही दिसलं की त्या धावून जातात. बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या अंगाला अर्धं परकंच. त्या पाण्यातले घटक राखणदारांना बापाची ओळख करून देतात, त्यांचा जोर कमी करतात. नवरा-बायको वरचेवर एकत्र असले की ही ओळख पक्की होत असावी. आधीचं त्यामुळेच गेलं असं मी म्हणत नाही, पुढची हमीही देत नाही. पण लेकाला घरात झोपू द्या.”

मी थक्क झाले. ज्याचं नाव काढायची आम्हाला लाज, ते इतकं शहाणं! आजारपणात माझ्यासाठी लढणारी फौज, आणि तिला तेवढ्यापुरतं दमानं घ्यायला लावणारं ते पाणी. हे कुणी शिकवलं असेल? स्वतःच्या अंगाचा मला कितीतरी दिवसांनी अभिमान वाटला.

परतताना सासूबाई एसटीतून उतरल्या आणि तडक चाळीत गेल्या. वळकटी काखेत मारून भर गल्लीतून आल्या. शेजारणीनं विचारलंच, “का वो, राखन संपली व्हय?”

“आता मी जाते राखनीला,” म्हणाल्या, आणि खरंच गेल्या. जन्मभराचं मत एका दुपारीत सोडून देणारी अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पुढे मला पुन्हा दिवस गेले. गुण कशाचा, ते डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत. दुसरा महिना श्वास रोखून काढला. तिसऱ्यात सासूबाईंनी चोरओटी भरली, घरातल्या घरात, गुपचूप. ती लेक आता अंगणवाडीत जाते आणि आजीलाच दटावते.

त्या दिवशी खण, तांदूळ, नारळ पदरात घालून झाल्यावर सासूबाईंनी माझ्या पोटावर हात ठेवला.

“ऱ्हा निवांत. आपलंच घर हाय,” त्या म्हणाल्या. हात तसाच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुला बी हे आल्या दिवशीच म्हनायला पायजे हुतं गं.”