धूपछाव काच

विमलबाई पडघान यांचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, असं गावातली माणसं सांगत. साफ खोटं आहे. नाकाच्या शेंड्यावरचा राग शिंकेसारखा येतो आणि जातो. विमलबाईंचा राग फार खालून यायचा आणि दर वेळी त्याला कारण असायचं. कारण देणारे स्वतःकडे कधी पाहत नव्हते, बाईच्या नाकाकडे पाहत होते.

शेलूबाजारहून कच्च्या रस्त्यानं तीन मैल आत गेलं की त्यांचं गाव लागायचं. त्याच गावच्या शाळेत त्या मास्तरीण होत्या. लग्न दोन वर्षं टिकलं. नवऱ्याला बायकोची नोकरी नको होती, मग विमलबाईंना नवरा नको झाला. त्या बापाकडे परत आल्या, आणि बाप भिवाजी यांनी एका शब्दानं विचारलं नाही. भाऊ जानरावनं मात्र वर्षभर तोंड पाडलं होतं.

शाळेच्या खोल्या तीन आणि वर्ग पाच. खोल्यांना खिडक्या नावापुरत्या आणि वीज नाहीच, त्यामुळे आत भर दुपारीसुद्धा फळा चाचपडावा लागे. दोन वर्ग बाहेर आवारात बसत. तिथं समोर चुना लावलेली भिंत, आणि तिच्यावर ऊन पडलं की डोळ्यांत सुया शिरत. विमलबाई दिवसातून वीस वेळा आतबाहेर करत. संध्याकाळी कपाळाला ओलं फडकं बांधून पडायच्या. अकोल्याच्या डॉक्टरानं नंबर काढून दिला आणि सांगितलं, बाई, तुमचे डोळे उन्हाला नाजूक आहेत, जपा.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर त्या जानरावला घेऊन एस.टी.नं अकोल्याला गेल्या. चष्म्याच्या दुकानातला म्हातारा दुकानदार गुळगुळीत बोलायचा, पण बोलायचा जानरावशी. चष्मा बाईचा, डोळे बाईचे, चिठ्ठी बाईच्या हातात, आणि हा विचारतोय जानरावला, "साहेब, बाईंना साधी पांढरी काच देऊ ना?"

"साहेबाचे डोळे चांगले आहेत," विमलबाई म्हणाल्या. "माझ्याशी बोला."

मग त्यानं हिरव्या मखमलीवर काचा मांडल्या. एक फिक्या गुलाबी छटेची. "कॉलेजच्या पोरी हीच नेतात." दुसरी निळसर. तिसरीवर पातळ लेप दिलेला. दिव्याची चकाकी तिच्यावर उठत नाही आणि समोरच्याला आपले डोळे स्वच्छ दिसतात, असं तो म्हणाला. विमलबाईंनी एकेक काच डोळ्यासमोर धरली, दुकानाच्या पायरीवर जाऊन आल्या, मागच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन आल्या. रंगीत काच खोलीत आंधळी करत होती. लेपाची काच खोलीत झकास, पण उन्हात तिचा काही उपयोग नव्हता.

"उन्हात काळी आणि सावलीत पांढरी, अशी नाही का?"

दुकानदार हसला. "आहे. धूपछाव म्हणतात. पण परदेशी काच आहे, मुंबईहून मागवावी लागते. सिनेमावाले लावतात. तुम्हाला खेड्यात कशाला?"

"खेड्यात ऊन नसते का?"

त्यानं खालच्या खणातून नमुन्याची काच काढली. पायरीवर उन्हात नेली, मधोमध अंगठा दाबून धरला आणि मिनिटभरानं उचलला. सगळी काच राखी झाली होती. अंगठ्याखालचा गोल तेवढा पांढरा राहिला होता. विमलबाईंनी स्वतःचा अंगठा ठेवून पुन्हा करून पाहिलं, आणि कितीतरी महिन्यांनी त्या मनापासून हसल्या.

जानराव कानाशी लागला. "ताई, साधी घे ना. एवढ्यात सायकल येते. लोकं काय म्हनतीन?"

"लोकं साधी घेतली तरी म्हनतीन. मंग डोकं काहून दुखवून घेऊ?"

फ्रेमही त्यांनी स्वतःच निवडली. मोठी, काळी, जाड काड्यांची. आरशात पाहिलं आणि आवडली. आपल्याला एखादी गोष्ट नुसती शोभते म्हणून घ्यायची, हे त्या पस्तीस वर्षांत पहिल्यांदा करत होत्या. त्यात कुणाच्या बापाचं काय गेलं?

पण गेलं. सगळ्या गावाचं गेलं.

महिनाभरानं चष्मा आला. पहिल्या दिवशी विहिरीवर चंपाबाई चार पावलं मागं सरकली. "डोये आले काय वं बाई? इकडं पाहू नको, माह्या लेकराले लागन." काळी काच म्हणजे आलेले डोळे, नाहीतर मोतीबिंदूचं ऑपरेशन, एवढंच गावाला ठाऊक. विमलबाई सावलीत आल्या, काच निवळली, डोळे चांगले टपोरे दिसले. तरी चंपाबाई पुढं आली नाही. लहानपणी याच विहिरीवर लोक मागं सरकायचे तेव्हा वेगळं कारण सांगत. आता डोळ्यांचं कारण सापडलं होतं. विमलबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या घागर भरून घरी आल्या.

आठ दिवसांत डोळ्यांच्या साथीची हूल ओसरली आणि दुसरं उठलं. बाईजवळ म्हणे दोन चष्मे आहेत. वर्गात साधा घालते, बाहेर पडताना पदराआड बदलून गॉगल चढवते. पगाराचा माज आला. काच आपल्या आपण रंग पालटते, हे कुणाला पटेना. उचलली जीभ लावली टाळ्याला!

इथपर्यंत सगळं हसून सोडता आलं असतं. पण डिसेंबरअखेर हेडमास्तर दौलतसिंग रिटायर झाले, आणि किल्ल्या सगळ्यांत जुन्या शिक्षिकेकडे, म्हणजे विमलबाईंकडे आल्या. पंचायत समितीचा कागद आला की नवा हेडमास्तर येईपर्यंत त्याच प्रमुख, आणि सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन त्यांच्याच हस्ते.

तो कागद विमलबाईंनी घरी नेऊन बापाला वाचून दाखवला. त्याचं कारण होतं. सत्तेचाळीस साली शाळेच्या आवारात झेंड्याचा खांब उभा राहिला, त्याचा खड्डा भिवाजींनी खणला होता. कमरेइतका खोल, मुरमाड जमिनीत, दोन दिवस. खांब बसला, दगड ठासून झाले, आणि पंधरा ऑगस्टच्या सकाळी त्यांना सांगण्यात आलं, "भिवा, तू फाटकाबाहेर उभा राह्य." गावच्या पाटलानं, इंद्रभानच्या बापानं दोरी ओढली. भिवाजी काटेरी कुंपणाच्या पलीकडे, बाभळीपाशी उभे राहिले. पुढं छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, गावची कामं सोडली, पोरीला शिकवली. पण त्या सकाळबद्दल याउपर एक शब्दही ते कधी बोलले नव्हते. आता मोतीबिंदूनं त्यांना समोरचा माणूस धुक्यातल्यासारखा दिसायचा. कागद ऐकून ते म्हणाले, "म्या येतो उद्या. पुढं बसाव लागन मले."

कारण दुसऱ्या दिवशीच सव्वीस होती. आणि पंचवीसला दुपारीच इंद्रभान पाटील शाळेत येऊन गेला होता. आता तो सरपंच होता. पाटलाच्या बोलण्यात साखर असायची.

"बाई, उद्याचा झेंडा तुमच्या हातानं. आमाले आनंदच हाय. फकत थो गॉगल घालून झेंड्यासमोर उभ्या राहू नका. देशाचा अपमान होते. लोकायचं म्हननं हाय, माह्यं नाई."

"गॉगल नाही. नंबरचा चष्मा आहे."

"मंग साधा घाला. दोन हायेत ना?"

"एकच आहे. उन्हात तो आपोआप काळा होतो."

"आमी काय दुधखुळे हाओ, बाई?" पाटील हसला. "नाईच जमलं तं फिकर करू नका. सरपंच म्हनून म्या वढतो दोरी."

म्हणजे खरं काय ते आलं बाहेर! कागद त्याला फिरवता येत नव्हता, म्हणून वड्याचं तेल वांग्यावर काढायचं चाललं होतं. वतन गेलं, पाटीलकी गेली, सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही.

घरी जानरावनं जुना चष्मा शोधून काढला. एका काडीला दोरा बांधलेला, नंबर केव्हाच बदललेला. "एक दिवसाचं तं काम हाय, ताई. घाल आन मोकळी हो." विमलबाईंनी तो हातात घेतला, डोळ्यांवर चढवूनही पाहिला. पाहिला याचाच त्यांना इतका संताप आला की चष्मा पेटीत आपटला.

भिवाजी भिंतीला टेकून होते. म्हणाले, "घालू नको. एक डाव आयकलं का मंग रोज आयकाव लागते."

सकाळ थंडगार आणि निरभ्र होती. सोमला राठोड नावाचे धाकटे गुरुजी पहाटेच येऊन झेंड्यात झेंडूच्या पाकळ्या भरून गाठ मारून गेले होते. पोरं रांगेत, गावकरी दोन्ही बाजूंना, खुर्चीत पाटील. भिवाजी पुढं सतरंजीवर काठी धरून बसलेले. विमलबाईंनी रात्रभर एकच विचार केला होता, की गावाला डोळ्यांदेखत दाखवलं तर गाव गप्प होईल. मास्तरणीची ही खोड असते. समोरच्याला कळत नाही म्हणून तो असा वागतो, असं तिला वाटतं.

विमलबाई खोलीतून बाहेर आल्या. चष्मा डबीत बंद. उन्हातल्या टेबलावर त्यांनी डबी उघडली, पांढऱ्या काचांचा चष्मा काढून सगळ्यांना दाखवला, टेबलावर ठेवला आणि एका काचेवर हजेरीचं पुस्तक झाकलं.

"हा एकच चष्मा आहे. दुसरा नाही. आता पाहा."

गाव पाहत राहिलं. उघडी काच हळूहळू धुरकटली, राखी झाली, गडद झाली. विमलबाईंनी पुस्तक उचललं. एक काच काळी, एक पांढरी. "आई वो!" कुणीतरी बायकांतून बोललं. चंपाबाई टाचा उंचावून पाहत होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. विमलबाईंनी चष्मा उचलून पाटलापुढं धरला. "घ्या. हातात घेऊन पाहा."

पाटलानं हात मागं नेले.

"असू द्या, असू द्या. इथूनच दिसलं. टेबलावर ठेवा." मग घसा साफ करून म्हणाला, "बरं, चमत्कार पाह्यला. खरं हाय तुमचं. पन आता काढूनच या, बाई."

विमलबाईंना चष्म्याशिवाय पाटलाचं तोंड अंधूक दिसत होतं, पण मागं गेलेले हात दिसले. चष्म्याचा प्रश्न कधी नव्हताच. हे त्यांना काल माहीत होतं, परवा माहीत होतं, विहिरीवर माहीत होतं, आणि तरी त्या या माणसापुढं साक्षीपुरावा घेऊन उभ्या राहिल्या होत्या, आरोपीसारख्या! त्यांना पाटलाचा राग आला त्याच्या दुप्पट स्वतःचा आला. त्यांनी चष्मा होता तसा, एक काळी आणि एक पांढरी काच, डोळ्यांवर चढवला. कुणी हसलं नाही.

"नाई काढत," त्या म्हणाल्या. शाळेत त्या कधी वऱ्हाडी बोलत नसत. "तुमाले पाह्यचं असन तं पाहा. नसन तं फाटक उघडं हाय."

पाटील ताडकन उठला. "हा झेंडा आमी पाहू नाई शकत. चाला रे!" तो तरातरा निघाला. दोन-चार माणसं चुळबुळली, एक अर्धा उठला आणि पुन्हा बसला. कुणीच गेलं नाही. पाटील एकटा फाटकाबाहेर पडला.

विमलबाईंनी दोरी ओढली. गाठ सुटली, पाकळ्या सतरंजीवर पडल्या, आणि पाटील कुंपणाच्या कडेनं दहा पावलं गेला नसेल तोच त्यांनी खड्या आवाजात राष्ट्रगीत सुरू केलं. दीडशे पोरांनी ते उचललं. पाटील जागच्या जागी थांबला. सरपंचच तो, राष्ट्रगीतात चालणार कसा? हात अंगाला लावून, काट्यांच्या पलीकडे, बाभळीच्या बुंध्याशी तो सरळ उभा राहिला. गीत संपेपर्यंत हलला नाही.

तोवर विमलबाईंच्या दोन्ही काचा काळ्या झाल्या होत्या. पोरांना साखर वाटून झाली, माणसं पांगली, तेव्हा त्या बापाजवळ येऊन बसल्या. भिवाजींच्या खांद्यावर झेंडूच्या पाकळ्या होत्या.

"पाटील कुठं होता वं? मले दिसला नाई."

"बाहेर. बाभयीपाशी."

"कुंपनाच्या बाहेर?"

"हो."

भिवाजींनी काठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाले, "तिथून आयकू येते समदं. पन झेंडा नाई दिसत. खांदी आडवी येते."

सत्तावीस वर्षं या माणसानं हे पोटात ठेवलं होतं. खड्डा यानं खणला आणि झेंडा याला दिसलासुद्धा नव्हता, आणि आता पाटलाला दिसला नसेल म्हणून यालाच वाईट वाटत होतं. त्यांना बापाचा इतका राग आला की काळ्या काचांआड डोळे भरून आले, आणि ते कुणाला दिसत नव्हतं एवढं बरं झालं. त्या उठल्या, शाळेच्या खोलीतून कोयता आणला, आणि पायघोळ लुगड्यातच कुंपणाकडे, बाभळीच्या त्या खांदीकडे चालू लागल्या.